दान दारीं न्यावें

दान करावें, हें प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यास ठाऊक आहे. परंतु गरिबास आपल्या दारीं बोलवावें, कीं आपण त्याच्या दारीं जावें, याचा विचार आपण क्वचितच करितों. प्रश्न लहान दिसतो. तथापि घेणारा आपला भाऊ राहतो कीं भिकारी होतो, हें बहुतकरून यावरच ठरतें.

या बाबतींत रोमन कॅथोलिक बंधूंपासून आम्हांस शिकण्यासारखें आहे. १८३३ सालीं पॅरिस शहरीं फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास विरोधकांनीं विचारिलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें, पण आज तुम्ही काय करितां? तेव्हां वाद सोडून तो व त्याचे मित्र गरिबांच्या घरीं जाऊं लागले. त्यांचीच संस्था आज संत विन्सेंट डी पॉल यांच्या नांवानें अनेक देशांत चालते. वसईकडील कॅथोलिक मंडळ्यांतही तिचें कार्य आहे. तिचे सभासद दोघे दोघे मिळून गरिबाच्या घरीं जातात व त्याचा धर्म पाहत नाहींत. सभेंत ते एक गुप्त पिशवी फिरवितात. तींत कोणीं किती टाकिलें, हें कोणास कळत नाहीं.

त्यांच्या व आमच्या मतांत भेद आहेत, ते आम्ही लपवीत नाहीं. परंतु वाटेंत पडलेल्या मनुष्यास उचलणारा शोमरोनी होता, आणि प्रभूनें शास्त्र्यापुढें त्याचाच कित्ता ठेविला.

कोणी म्हणेल, "आम्हीच गरीब, आम्हीं काय द्यावें?" पालघरजवळ कोळगांव येथें आतां जिल्ह्याचें मुख्यालय आहे. पण दिवाळीनंतर मुलांबाळांसह वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी किंवा वारली कुटुंबास त्या कचेरीची पायरी डोंगराएवढी वाटते. शिधापत्रिका, दाखले, अर्ज यांनीं तें गोंधळून जातें. अशांच्या झोपडींत जाऊन बसावें, त्यांचें ऐकून घ्यावें, कागद वाचून दाखवावा, सोबत कचेरींत जावें. यास धन लागत नाहीं. अक्षरओळख व एक दिवस पुरे. जें त्यांस हक्कानें मिळावयाचें, तें मिळवून देणें ही भिक्षा नव्हे, तो न्याय आहे.

मात्र साह्याच्या मोबदल्यांत कोणास उपासनेस बोलावूं नये. अन्नासाठीं ख्रिस्ती झाले, हा टोमणा आपल्या वाडवडिलांनीं दुष्काळाच्या दिवसांपासून ऐकिला आहे. त्याचें दुःख ज्यांनीं सोसिलें, त्यांनीं तें दुसऱ्यावर लादूं नये. कोणी विचारिलें तर साक्ष अवश्य द्यावी. परंतु विश्वास ही देवाची देणगी आहे, तांदळाची किंमत नव्हे.

म्हणून उपदेशक व वडील मंडळींनीं येत्या रविवारीं दोघां दोघांची जोडी नेमावी, आणि प्रत्येक जोडीस एकेक घर सोंपवावें. बंधुजनहो, प्रभु आपल्यास भेटावयास स्वर्गांतून आला. आपण एक शेत ओलांडून शेजारच्या पाड्यावर जाणार नाहीं काय?