पाचवे कारण

दक्षिणेकडच्या थंड समुद्रात मिशेल देझ्वायो याच्या होडीतल्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर निकामी झाला. हे 2000-01 च्या ‘व्हाँदे ग्लोब’ शर्यतीतले. होडीवर माणूस एकटा. फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून निघायचे, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालायचा आणि त्याच बंदरात परतायचे, बाहेरून कुणाची मदत घ्यायची नाही. घेतली की शर्यत संपली.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत इंजिनाचे काय काम, असे कुणालाही वाटेल. होडी पुढे न्यायला ते वापरायचे नाहीच. पंख्याच्या दांड्याला सील असते. पण इंजिनावर बॅटऱ्या भरतात. त्या बॅटऱ्यांवर सुकाणू धरणारे स्वयंचलित यंत्र चालते, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी होते, हवामानाचे अंदाज येतात. एकट्या माणसाला चोवीस तास सुकाणू धरता येत नाही, त्याला झोपावे लागते. बॅटरी उतरली की झोप गेली, आणि झोप गेली की शर्यतही हातची जाणार.

विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना पुढची अडचण सांगायला नको. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा इतक्या जोरात दाबली जावी लागते की ती स्वतःच तापून तेल पेटवील. त्यासाठी चाक झपाट्याने फिरले पाहिजे. खांदे भरून येतात, हँडल उलटले तर मनगट मोडते. हलणाऱ्या होडीच्या पोटात, वाकून बसून, नुसत्या हाताने हे जमणारे नव्हते.

देझ्वायोने इंजिनाच्या चाकाला दोर गुंडाळला. त्याचे दुसरे टोक कप्प्यांवरून वर नेऊन मुख्य शिडाच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, बांधले. मग आवळून धरलेले शीड सोडले. वाऱ्याने बूम बाहेर भिरकावला, दोराला हिसका बसला, चाक फिरले. अशा खटपटीतून शेवटी इंजिन सुरू झाले. पुढे बॅटऱ्या भरायच्या तेव्हा पुन्हा हाच उद्योग. 10 फेब्रुवारी 2001 रोजी, 93 दिवसांनी, तो पहिला परतला.

आपल्याकडे दैव आणि प्रयत्न यांचे भांडण जुने आहे. एका बाजूला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला दासबोधातून आळसाला झोडपणारे समर्थ. या भांडणात वारा कुणाच्या बाजूचा आणि इंजिन कुणाच्या? वरवर उत्तर सोपे वाटते. इंजिन माणसाने घडवलेले, कळ दाबली की चालणारे, म्हणजे प्रयत्नाचे. वारा मर्जीचा मालक, म्हणजे दैवाचा. पण त्या होडीत हा हिशेब उलटा झाला. हक्काचे होते ते बंद पडले आणि मर्जीच्या मालकाने येऊन ते चालू करून दिले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. ही यादी लक्ष देऊन वाचावी अशी आहे. तिथे दैव प्रयत्नाचा वैरी म्हणून उभे नाही, त्याच पंगतीत शेवटच्या पानावर बसले आहे. शंकराचार्यांनी या ‘दैवा’चा अर्थ कपाळावरची रेघ असा केला नाही. डोळ्याला सूर्य, तशा प्रत्येक इंद्रियाला बळ देणाऱ्या देवता, असा केला. परंपरेत त्वचेची देवता वायू. शिडाच्या होडीवरचा माणूस अंधारात वाऱ्याची दिशा गालावर ओळखतो, मानेवर ओळखतो. दोर बांधण्यापूर्वी तो वारा दैव होता. दोर बांधल्यावर तोच करण झाला, हत्यार झाला. वाऱ्यात काहीच बदल झाला नव्हता, गाठ तेवढी नवी होती.

ग्रीक विचारवंत एपिक्टेटसनेही आपल्या हातात काय आणि काय नाही हे समजावताना वाऱ्याचाच दाखला दिला. वारा केव्हा बदलेल? त्याच्या मनाला येईल तेव्हा. त्याची ही वाटणी मनाला शांत करते, पण ती जरा घाईची वाटते. हातात नसलेल्या गोष्टीलाही टोक असते, आणि कधी कधी त्या टोकाला दोर बांधता येतो.

2008 मध्ये त्याच शर्यतीत देझ्वायोच्या नव्या होडीत पाणी गळून विजेची यंत्रणा बिघडली, इंजिन सुरू होईना. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो परतला. सुरुवातीच्या बंदरात येऊन दुरुस्ती करायची मुभा असते; घड्याळ मात्र थांबत नाही. सुमारे चाळीस तास मागून तो पुन्हा निघाला आणि 84 दिवसांत पहिला आला. या खेपेला जमिनीवरच्या माणसांचे हात होते. प्रत्येक वेळी एकट्यानेच गाठ मारली तरच ती खरी, असे नाही.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. 2001 मध्ये त्याच्या मागोमाग एलेन मॅकआर्थर येत होती, वय 24. परतीच्या वाटेवर तिची होडी पाण्यातल्या कशावर तरी आदळली, नुकसान झाले. ती सुमारे एका दिवसाने दुसरी आली. तिची मेहनत तसूभरही कमी नव्हती. निघालेल्या 24 जणांपैकी कितीतरी पोचलेच नाहीत. म्हणजे पाचवे कारण गाठ मारणाऱ्याला बांधील नाही. विजय हे त्याच्या पुण्याईचे प्रमाणपत्र म्हणता येत नाही, आणि हरलेल्यांचा प्रयत्न कमी पडला असे म्हणणे तर क्रूरपणाच.

तेव्हा भारतीय नौदलात असलेल्या अभिलाष टॉमी यांना हे अंगावर झेलावे लागले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून त्यांनी 2013 मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती. 2018 च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत मात्र हिंदी महासागरातल्या वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली, इतरांनी येऊन त्यांना वाचवले. 2022 मध्ये ते त्याच शर्यतीला पुन्हा उभे राहिले. वाटेत वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडले. सुटे भाग संपले होते, तेव्हा त्यांनी होडीतल्या शौचालयाचे दार काढले आणि कापायला घेतले.