पडलेल्याला उभे करणे : दान की व्यवहार?

दान या विषयाचा विचार आपल्याकडे फार जुन्या काळापासून झालेला आहे. दान कोठे, केव्हा आणि कोणास द्यावे हे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि परतफेडीची आशा धरून दिलेले दान राजस ठरते हेही तेथेच सांगितले आहे. हा विचार आपण एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेल्या दानासंबंधी ऐकत आलो. परंतु एक राष्ट्र जेव्हा युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दुसऱ्या राष्ट्राला उभे करण्यासाठी धन देते, आणि ते दुसरे राष्ट्र कधी कधी कालपर्यंतचे शत्रूच असते, तेव्हा त्या देण्याला काय म्हणावे? दान, व्यापार, की राज्य करण्याची एक नवी रीत? आजही जगात युद्धे चालू आहेत. ती थांबतील तेव्हा मोडलेली घरे कोण बांधणार आणि कोणत्या बोलीवर, हा प्रश्न उभा राहणारच आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम उलट बाजूचे उदाहरण पाहू. पहिल्या महायुद्धानंतर जेत्यांनी जर्मनीला उभे करण्याऐवजी तिच्याकडून भरपाई मागितली. १९१९ साली व्हर्सायचा तह झाला आणि १९२१ साली भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क असा ठरला. भरणा वेळेवर होत नाही म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांच्या सैन्याने रूहरचा कोळशाचा प्रदेश ताब्यात घेतला. त्याच वर्षी जर्मन चलन असे कोसळले की सामान्य माणसाची जन्मभराची शिल्लक मातीमोल झाली. फ्रान्सची मागणी निराधार होती असे नव्हे. त्याची गावे खरोखरच बेचिराख झाली होती. पण न्याय्य मागणीसुद्धा समोरच्याची कंबर मोडून वसूल करू गेल्यास पैसाही हाती येत नाही आणि वैरही शमत नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी हा धोक्याचा इशारा १९१९ सालीच दिला होता. पुढे वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. त्याची कारणे अनेक होती. मनात साठलेला हा अपमान त्यांपैकी एक होता.

दुसऱ्या युद्धाच्या अखेरीसही प्रथम असाच विचार पुढे आला. जर्मनीचे कारखाने मोडून तिला केवळ शेतीचा देश करावे, अशी योजना अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ यांनी १९४४ साली मांडली होती. पण युद्ध संपल्यावर सगळ्या युरोपचीच दैना दिसू लागली. १९४६-४७ चा हिवाळा अतिशय कडक गेला. कोळसा पुरेना, धान्य पुरेना. जिंकलेल्या ब्रिटनमध्येसुद्धा, प्रत्यक्ष युद्धकाळात आले नव्हते ते पावाचे रेशनिंग १९४६ साली आले. अशा वेळी ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक लहानसे भाषण केले. युरोपने आपल्या गरजांचा आराखडा आपसांत मिळून स्वतःच तयार करावा, अमेरिका त्यास साहाय्य करील, असा त्याचा आशय होता. सोळा देश पॅरिसला जमले. एप्रिल १९४८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १९५२ पर्यंत सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत दिली गेली. तिचा फार मोठा भाग परत न मागण्याच्या बोलीवर होता. घेणाऱ्यांत कालचे शत्रू इटली व पश्चिम जर्मनी हेही होते. त्या इटलीच्या भूमीवर जर्मनांशी लढताना आपल्या मराठा पलटणींचेही रक्त सांडलेले होते. तेथील पराक्रमासाठी यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे तर तेथेच धारातीर्थी पडले.

ही मदत निर्मळ मनाने दिली गेली काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भुकेला युरोप साम्यवादाकडे वळेल ही भीती त्यामागे होती, अमेरिकी मालाला गिऱ्हाईक हवे होते, आणि निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच जावा अशी अट कायद्यातच घातलेली होती. मदतीचे आमंत्रण रशियालाही होते, पण तो पॅरिसच्या बैठकीतून निघून गेला. चेकोस्लोव्हाकियाने दिलेला होकार मॉस्कोच्या दडपणाखाली मागे घेतला. अशा रीतीने युरोपची फाळणी अधिकच पक्की झाली. गीतेच्या कसोटीने पाहता हे दान राजसच ठरते.

येथे कोणी म्हणेल की, मग त्याची एवढी थोरवी कशाला? आमचे उत्तर असे की, हेतूची शुद्धी हा देणाऱ्याच्या अंतःकरणाचा हिशेब आहे, आणि व्यक्तीच्या बाबतीत तो सर्वांत मोठा हिशेब आहे. परंतु राष्ट्राचे अंतःकरण एक नसते. त्यात परोपकारी असतो, व्यापारी असतो आणि सेनापतीही असतो. म्हणून राष्ट्राच्या देण्याला आणखी एक कसोटी लावली पाहिजे : या देण्याने घेणारा स्वतःच्या पायांवर उभा राहिला काय?

या दृष्टीने त्या मदतीची रीत पाहण्याजोगी आहे. समजा, एका जर्मन गिरणीला अमेरिकेचा कापूस हवा आहे. तो कापूस मदतीतून आला तरी गिरणीवाल्याला फुकट मिळत नसे. त्याची किंमत तो आपल्या देशाच्या चलनात भरी. ही रक्कम अमेरिकेस न जाता त्याच देशातील एका वेगळ्या निधीत जमा होई, आणि अमेरिकेच्या संमतीने घरे, खाणी, वीजकेंद्रे यांसाठी खर्ची पडे. जर्मनीत ती कर्जाऊ दिली गेली, परत आली आणि पुन्हा दिली गेली. या कामासाठी १९४८ साली फ्रांकफुर्ट येथे निघालेली बँक आजही चालू आहे. एका देण्यातून अशी अनेक देणी झाली, आणि कोणासही हात पसरून बसावे लागले नाही.

याच्या उलट अफगाणिस्तान. २००२ ते २०२१ या काळात अमेरिकेने त्याच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. महागाईचा हिशेब धरला तरी ही रक्कम मार्शल योजनेहून अधिक भरते. पण तेथील सैन्याची विमाने दुरुस्त करणारेसुद्धा परके कंत्राटदार होते. ते निघून गेले तशी विमाने अडून पडली, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. युरोपात घरे पडली होती, पण कारागिरी, कचेऱ्या व कायदा जाणणारी माणसे शिल्लक होती, हा फरक खराच. तरी ज्या कामात घेणाऱ्याचा हात नाही ते काम देणाऱ्याची पाठ फिरताच कोसळते, हा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. १९६५-६७ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू अगदी हात राखून, थोडा थोडा सोडीत. आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेशनच्या रांगेतील ते दिवस आठवत असतील. पोट भरले, पण मान खाली गेली. ती मान वर करण्यासाठीच आपल्या शेतकऱ्याने नवे बियाणे हाती धरले.

आणखी एक प्रश्न याहून अवघड आहे. शत्रूला उभे करताना ज्यांनी त्याचा मार सोसला त्यांचे काय? जर्मन अंमलाखाली ग्रीसमध्ये लाखावर माणसे उपासमारीने मेली. १९५३ साली लंडनच्या करारात जर्मनीचे जुने कर्ज जवळजवळ निम्म्याने उतरविण्यात आले. त्या करारावर ग्रीसचीही सही आहे. युद्धाच्या भरपाईचा प्रश्न मात्र पुढे ढकलला गेला, आणि ग्रीसमध्ये ती जखम अद्यापि बुजलेली नाही. कर्ज सोडणे शहाणपणाचे होते यात आम्हांस शंका नाही. पण क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो. बलवानाने दुसऱ्याच्या जखमेवर आपले औदार्य दाखवू नये. मदतीच्या पैशाचेही असेच आहे. एका हाताने घेतलेले धन दुसऱ्या हाताचे ओझे हलके करते. मार्शल मदत घेणारा नेदरलँड्स त्याच वेळी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य शस्त्राने दडपीत होता. डिसेंबर १९४८ मध्ये अमेरिकेने इंडोनेशियासाठी राखलेली मदत रोखली, पुढे खुद्द नेदरलँड्सची मदत थांबविण्याची मागणी सिनेटमध्ये झाली, आणि १९४९ अखेर इंडोनेशियाला सत्ता मिळाली. देणाऱ्याने आपले धन कोठे जाते हे पाहणे हेही दानाचेच अंग आहे.

या बाबतीत आपल्या देशाचे एक कृत्य सांगण्यासारखे आहे. जपानने १९४२ मध्ये अंदमान बेटे घेतली, तेथील निरपराध लोकांचे हाल केले. १९४४ मध्ये कोहिमा व इंफाळ येथे आपले सैनिक जपानी फौजेशी लढताना पडले. म्हणजे ही जखम आपलीच होती. असे असूनही ९ जून १९५२ च्या तहात भारताने जपानकडून भरपाई घेण्याचा आपला हक्क सोडून दिला. आपण तेव्हा गरीब होतो, द्यायला धन नव्हते. जे घेता आले असते ते सोडणे एवढेच आपल्या हाती होते. पुढे १९५८ साली जपानने परदेशाला येन चलनात पहिले विकासकर्ज दिले ते भारताला. त्यात जपानचाही फायदा होता. तरीही कालचा पडलेला आज दुसऱ्याला हात देऊ लागला, यापरते दानाचे सार्थक कोणते?

आपल्या गावातही पूर येतो, आग लागते, कोणाचा व्यवसाय बुडतो. तेव्हा आपण देतोच, आणि द्यावेच. मात्र देताना त्या माणसाला आधी विचारावे की, बाबा, तुला काय लागेल? उत्तर त्याला देऊ द्यावे, काम त्याला करू द्यावे, आणि तो उभा राहिला म्हणजे आपला हात आनंदाने मागे घ्यावा.