गाठ वेगळी, कूज वेगळी

माउली, आज एक अवघड प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. परवापर्यंत दारूच्या नादी लागलेला गावातला एखादा माणूस दिंडीच्या विणेकऱ्याकडे येतो आणि म्हणतो, "महाराज, माळ घालायची आहे, यंदा तुमच्याबरोबर चालतो." त्याला घ्यावे का? आणि घेतले, तर त्याच्यावर भरवसा किती टाकावा? एकजण म्हणतो, पांडुरंगाच्या दारी मज्जाव कसला? दुसरा म्हणतो, हा वाटेत प्याला तर दिंडीची लाज जाईल. दोघांचेही खोटे नाही.

याला एक दृष्टान्त घेऊ. गीतेचा उपदेश सुरू होण्याआधी अर्जुनाच्या हातून गांडीव गळते, हे आपण पारायणात वाचतो. पण धनुष्य करणारा लाकूड कसे निवडतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

धनुष्य वाकले की त्याच्या दोन अंगांवर दोन तऱ्हेचे ओझे येते. बाहेरचे, निशाणाकडचे अंग ताणले जाते. आतले, धनुर्धाऱ्याकडचे अंग दाबले जाते. इंग्लंडात पूर्वी यू नावाच्या झाडाची लांब धनुष्ये करीत. त्या झाडाचे सालीखालचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो, म्हणून कारागीर दोन्ही ठेवून एकच दांडा काढी. 1545 साली 'मेरी रोज' नावाचे लढाऊ जहाज तिथल्या समुद्रात बुडाले. त्याचा सांगाडा 1982 साली वर काढला. त्या बुडालेल्या जहाजातून अशी शंभरावर धनुष्ये मिळाली.

आता निवड पाहा. जाणता कारागीर ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचर ठोकून फोडणे पसंत करतो. करवत आपल्या रेषेने जाते. ती लाकडाचे तंतू मधेच तोडते आणि फळी मात्र दिसायला सरळ निघते. अशा फळीचे धनुष्य जिथे तंतू तुटले तिथेच मोडण्याचा धोका असतो. पाचर तंतूंच्या वाटेने जाते. दांडा वाकडातिकडा निघाला तरी त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात, म्हणून तो टिकतो. आपले आचरणही असेच तपासावे. लोकांनी पाहावे म्हणून करवतीने सरळ केलेले आचरण वेगळे आणि आतून अखंड असलेले वेगळे. पहिल्याचा टिळा ठळक असेल, पण ताण पडला की खरे कळते.

दुसरी गोष्ट गाठीची. गाठ म्हणजे जिथून फांदी फुटली ती जागा. तिथे तंतू वळसा घेऊन जातात. नवखा माणूस गाठ तासून सपाट करतो आणि वळसा घेणारे तंतू कापून बसतो. जाणता माणूस गाठीभोवती थोडे लाकूड जास्त राखतो. धनुष्य तिथे जरा उंचवट्याचे दिसते, पण मोडत नाही. कूज मात्र वेगळी. ती सालीखाली लपते. तिथले लाकूड हलके, भुसभुशीत होते. तसला दांडा कारागीर बाजूला टाकतो.

माउली, ज्याने आपले व्यसन स्वतः येऊन सांगितले, त्याची गाठ सर्वांना दिसते आहे. तिच्याभोवती थोडे जास्त राखणे आपल्या हाती आहे: रात्रीच्या मुक्कामाला त्याला एकटे न सोडणे, जुन्या गोष्टीवरून टोमणा न मारणे. कूज शोधायचीच असेल, तर ती जिथे काहीच दिसत नाही तिथे, म्हणजे आधी आपल्यातच शोधावी.

पण दृष्टान्त इथे थांबतो, हेही सांगितले पाहिजे. कुजलेले लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. माणूस होतो. लाकडाला पश्चात्ताप नसतो, नाम नसते. म्हणून लाकूड टाकून देण्याचा कारागिराचा अधिकार आपल्याला माणसाच्या बाबतीत मिळत नाही. त्याची सावधगिरी मात्र जरूर घ्यावी. नवे धनुष्य तो पहिल्या दिवशी पूर्ण ओढत नाही. आधी थोडे वाकवतो, पाहतो, तासतो. मग आणखी थोडे. तसेच नव्या माणसाला दिंडीत चालायला आजच घ्यावे. टाळ आज द्यावा. भिशीची पेटी आज देऊ नये. यात त्याचा अपमान नाही. पेलवेल तेवढाच भार देणे ही दयाच आहे.

आणखी एक. वाकवताना एखादी जागा कमजोर, जास्त वाकणारी दिसली, तर तिथे लाकूड वाढवता येत नाही. मग कारागीर बाकीचा मजबूत भाग तासतो, म्हणजे तोही वाकू लागतो आणि सगळा भार एका जागेवर येत नाही. दिंडीत असेच व्हायला हवे. अशक्ताने सशक्तासारखे व्हावे म्हणून ओरडण्यापेक्षा सशक्ताने थोडे वाकावे. आपण ज्याला त्याला पाया पडतो, ते वाकणे याच कामाचे आहे.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची परीक्षा घेतली आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले, ही कथा तुम्हांला पाठ आहे. पुढचेही आठवा. कच्चे मडके म्हणून त्यांना कोणी फोडले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. आज पंढरीच्या महाद्वाराची पहिली पायरी त्यांच्याच नावाची आहे. तेव्हा माळ मागायला कोणी आला, तर त्याला कच्चा म्हणायला हरकत नाही. भट्टीची वाट मात्र दाखवा.