सावली सरकते, साखळी नाही

सारंगखेड्याला लोक येतात ते दत्तजयंतीच्या यात्रेला, घोडे बघायला. तेव्हा थंडी असते. मे महिन्यात तापीकाठचं ऊन बेचाळीसच्या पुढे जातं, तेव्हा इथे फक्त आम्ही असतो आणि आमची जनावरं.

गेल्या मे महिन्यात सकाळी आठला मी मोत्याला निंबाच्या सावलीत बांधलं, पाणी ठेवलं आणि शहाद्याला गेलो. तासाभराचं काम होतं. परतलो तेव्हा एक वाजला होता. सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती, भांडं उपडं पडलं होतं आणि मोत्या उन्हात आडवा पडून धापत होता. घोड्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला जवळजवळ फक्त पंजांना. अंगातली उष्णता त्याला धापूनच बाहेर टाकावी लागते. मी त्याला सावलीत नेलं, पोटावर आणि पायांवर पाणी ओतलं, पंखा लावला, डॉक्टरांना बोलावलं. तो वाचला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती जीव लावतोस रे मुक्या जनावराला!"

मला लाज वाटली. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. ती दया होती, कारण ते गाढव एकनाथांनी बांधलेलं नव्हतं. मोत्याला मी बांधलं होतं. त्याच दुपारी रस्त्यावरची कुत्री हातपंपाच्या ओल्या मातीत पोट टेकून निवांत पडली होती. स्वतःची सावली शोधणं मोत्यालाही येतं. ते मी साखळीने काढून घेतलं होतं. मग त्याला पाजलेलं पाणी म्हणजे दया कसली? ती परतफेड होती, तीही उशिरा केलेली.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही दया मागत नाही. ज्याच्या ताब्यात जनावर, त्याचं ते कर्तव्य, असं सांगतो. 1965 च्या नियमांनुसार तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जनावराला गाडीला जुंपता येत नाही, त्याच्यावर ओझंही लादता येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात हा आकडा अनेकदा मागे पडतो.

गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवून आपण स्टेटस टाकतो. जरूर ठेवा. पण चिमणी उडून दुसरीकडे जाऊ शकते. आधी आपल्या दावणीला, साखळीला, बंद खोलीत कोण आहे ते बघा.

आता घराबाहेर पडताना मी सावली कुठे आहे ते बघत नाही. दुपारी एकला ती कुठे असेल, ते बघतो. आणि बहुतेक वेळा साखळी सोडूनच जातो.