इफिसकरांची पुस्तके आणि आमच्या पेटीतील ताईत

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19, वचने 8 ते 20

या शास्त्रपाठावर उपदेश होतो तेव्हा श्रोत्यांचे लक्ष बहुधा स्किवाच्या सात पुत्रांकडे जाते. भूत काढावयास गेलेले ते सात जण उघडेनागडे व घायाळ होऊन घरातून पळाले, हे ऐकून मंडळीत हशा पिकतो, आणि त्या हशात पुढील दोन वचने निसटून जातात. आमच्याशी संबंध आहे तो त्या वचनांचा. ज्यांनी आपली जादूची पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली ते लोक कोण होते? लूक सांगतो त्याचा सरळ अर्थ असा की, ते विश्वास ठेवलेले लोक होते. पौल इफिसात तीन महिने सभास्थानात व दोन वर्षे तुरन्नाच्या पाठशाळेत शिकवीत होता. त्या काळात हे लोक वचन ऐकत होते, प्रभूचे नाव घेत होते, आणि पुस्तके मात्र घरात जपून ठेविलेली होती.

इफिस हे नगर हल्लीच्या तुर्कस्तानात होते. तेथील अर्तमीचे मंदिर प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत मोजले जाई. त्या नगराच्या नावाने सहा शब्द प्रसिद्ध होते. त्यांस ‘इफिसची अक्षरे’ म्हणत. त्यांचा अर्थ कोणास धड लागत नसे, पण भूतबाधा झालेल्याने ती म्हणावीत, आणि चामड्याच्या पिशवीत शिवून अंगावर बाळगावीत, अशी चाल होती. आमच्या वाचकांस हा प्रकार ओळखू येईल. जुन्या ग्रीक कोशात एक गोष्ट आहे की, ऑलिंपियाच्या आखाड्यात इफिसचा एक मल्ल मिलेताच्या मल्लास सारखा हरवीत होता. त्याच्या घोट्यास ती अक्षरे बांधलेली आहेत असे पंचांस कळले, त्यांनी ती सोडविली, आणि मग मिलेतकराने त्यास लागोपाठ तीस वेळा चीत केले. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. परंतु शेजारगावच्या पैलवानाच्या दंडावरील काळ्या दोऱ्याविषयी अशाच गोष्टी आपण पारावर ऐकतो.

अशा नगरात स्किवाच्या पुत्रांनी काय केले? त्यांनी येशूचे नाव आपल्या जुन्या सामानात नवे एक अक्षर म्हणून घातले. पौल ज्याची घोषणा करितो त्या येशूच्या नावाने, असे ते म्हणाले. त्यांची स्वतःची त्या येशूशी ओळख नव्हती. पुढेही लोकांनी असेच केले. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयात मिसर देशातून आणिलेले चौथ्या शतकाच्या सुमाराचे एक मंत्रांचे पुस्तक आहे. त्यात भूत काढण्याच्या मंत्रात इब्र्यांचा देव म्हणून येशूचे नाव घातले आहे, आणि त्याच पुस्तकात परक्या देवदेवतांची नावेही भरली आहेत. मांत्रिकाला कोणतेही नाव चालते. नावाने काम व्हावे, एवढेच त्यास हवे.

मंत्र आणि प्रार्थना यांतील भेद येथे आहे, आणि तो आमच्या उपदेशकांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. मंत्र घालणारा शक्तीला बांधावयास पाहतो. अमावास्या साधली, लिंबू व बिब्बा यथासांग मांडला, अक्षर चुकले नाही, पैसे पुरे मिळाले, की तिने काम केलेच पाहिजे. न केले तर विधीत काही राहिले, म्हणून पुन्हा कोंबडे, पुन्हा पैसे. प्रार्थना करणारा मागतो, आणि ज्याच्यापाशी मागतो त्याने नाही म्हटले तरी त्याचे दार सोडीत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने तो प्याला टळावा म्हणून तीनदा विनविले. प्याला टळला नाही, आणि प्रभू उठून पुढे गेला.

म्हणून देवऋषाचे दार सोडले म्हणजे जादू सुटली, असे कोणी समजू नये. इस्राएल लोकांनी कराराचा कोश लढाईत नेला तो असाच ताईत म्हणून नेला, आणि त्या दिवशी त्यांचे तीस हजार पायदळ पडले व कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला (1 शमुवेल 4). मोशेने देवाच्या आज्ञेने केलेल्या पितळी सापापुढे लोक पुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. वस्तू पवित्र होती म्हणून त्याने ती राखिली नाही. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम या उपदेशकाने तक्रार केली की, स्त्रिया शुभवर्तमानाची पुस्तके गळ्यात बांधितात. आणि लावदिकीया येथील धर्मसभेस तर असा नियम करावा लागला की, मंडळीच्या सेवकांनीच मंत्रतंत्र व ताईत करू नयेत. लोकांची गोष्ट दूरच राहिली!

आता आमच्या घरांकडे पाहू. लेकरू दचकून उठते म्हणून उशीखाली नवा करार ठेवितात. तो उघडून मात्र वर्षभरात कोणी वाचिलेला नसतो. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली पैसे देऊन आणितात व ते उंबऱ्यावर शिंपडतात. अमुक वचन दहा जणांस पाठवा, न पाठविल्यास संकट येईल, असा निरोप मोबाइलवर येतो आणि चांगले शिकलेले लोक तो भीतीने पुढे पाठवितात. यात आणि इफिसच्या सहा अक्षरांत फरक कोणता, हे आम्हांस तरी दिसत नाही.

येथे कोणी विचारील की, त्याच अध्यायात पौलाच्या अंगावरील रुमाल व फडकी रोग्यांवर घातल्याने ते बरे होत असे लिहिले आहे, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. त्या वचनात कर्ता देव आहे, हे प्रथम पाहावे. पौलाने ती फडकी वाटली किंवा त्यांची किंमत ठरविली, असे कोठे लिहिलेले नाही. आणि मग त्याच पौलाचे पुढील आयुष्य पाहावे. एपफ्रदीत त्याच्यापाशी असता मरणोन्मुख झाला. देवाने त्याजवर दया केली, एवढेच तो लिहितो. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तो रुमाल पाठवीत नाही. थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो. त्रफिमास तर त्याने मिलेतात आजारीच सोडिले. रुमालात शक्ती असती, तर आपल्या जिवलग माणसांसाठी त्याने एकही ठेविला नसता काय?

हा नुसता शास्त्राचा वाद नव्हे; यात माणसे मरतात. आपल्या देशातील बहुतेक साप बिनविषारी आहेत. असा साप चावलेल्या दहा जणांस भगताने झाडपाला देऊन ‘वाचविले’ की त्याची कीर्ती होते, आणि अकराव्यास नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले असता त्यासही तेथेच नेतात. त्यास हवी असते ती प्रतिविषाची सुई, आणि तीही वेळेवर. विंचवाचे तसेच. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने कित्येक लेकरे दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध देऊन त्यांतील बहुतेकांचे प्राण वाचू शकतात हे दाखवून दिले. विंचू उतरविणारे पूर्वीही पुष्कळ होते.

आणि देवऋषी ज्या दिवशी करणी कोणी केली हे सांगतो, त्या दिवशी आणखी एक घर बुडते. तो नाव घेतो ते बहुधा एखाद्या विधवेचे किंवा एकट्या म्हातारीचे असते. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करिते असे जाहीर करून तिला त्रास देणे, तसेच साप, कुत्रा, विंचू चावलेल्यास डॉक्टरांकडे जाऊ न देता मंत्र किंवा गंडेदोरे देणे, हे त्या कायद्याने अपराध आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मंत्रात कोणाचे नाव घेतले, हे कायदा पाहत नाही. औषध बंद करा आणि केवळ आमच्या प्रार्थनेला या, असे सांगणाऱ्या आपल्यांतील काही जणांनीही हे ऐकून ठेवावे.

मेलेल्यांशी बोलविणाऱ्यांकडे जाणाऱ्यांविषयी मात्र आम्ही हळू बोलू. शौल राजाने स्वतःच भूतवैद्यांस देशातून घालविले होते; तरी संकटाच्या रात्री वेष पालटून तो एन-दोर येथे गेला, आणि उद्या मरशील यापलीकडे त्यास तेथे काही मिळाले नाही. जिचे लेकरू गेले ती माता एकदा त्याचा शब्द ऐकावा म्हणून कोणत्याही दारी जाईल. तिला शिस्तीचा धाक घालण्यापूर्वी उपदेशकाने आठ दिवस तिच्या अंगणात जाऊन बसावे.

इफिसकरांनी जाळलेल्या पुस्तकांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरली. ते नाणे मजुराच्या एका दिवसाच्या वेतनाचे धरिले, तर एका माणसाने एकही दिवस न चुकता कमावण्यास सुमारे 137 वर्षे लागतील. ती पुस्तके विकता आली असती. घेणारे नगरात पुष्कळ होते. त्यांनी ती विकली नाहीत. तसेच, जाळली ती आपली स्वतःची. शेजाऱ्याच्या घरात शिरून कोणी काही ओढून आणिले नाही. आमच्या तरुण सुवार्तिकांनी एवढे ध्यानात ठेवावे. लेकराच्या गळ्यातील दोरा आपल्या हाताने तोडू नये. तापाने फणफणलेले लेकरू असेल तर प्रथम आईबापांसह त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, रात्र असली तर 108 क्रमांकावर गाडी मागवावी, रात्रभर बाकावर त्यांच्याबरोबर बसावे व प्रार्थना करावी. दोऱ्याची गोष्ट मागाहून निघेल, आणि कात्री आईच्याच हाती असू द्यावी.