आषाढातली वही

जावळी तालुक्यातल्या एका गावात दोघा भावंडांनी मधाचा धंदा करायचं ठरवलं. थोरल्यानं उद्योजक घडवणारी पुस्तकं आणली, यशस्वी लोकांची भाषणं मोबाईलवर साठवली. त्यातच मधमाश्यांवरचा एक माहितीपट मिळाला. रात्री घरातली सगळी तो बघायला बसली.

छायाचित्रण देखणं होतं. फुलावर उतरणारी माशी, राणीभोवतीचा घोळका आणि फुलांची दिशा पोळ्यावर नाचून सांगणारी कामकरी माशी. या नाचाची उकल करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं, हेही त्यात होतं. मग एकदम मधानं ठिबकणारी पोळी, आणि समाप्त. थोरला खूश झाला.

धाकटीचा मात्र विरस झाला. ‘‘दादा, यात पावसाळा कुठाय?’’ तिनं विचारलं. ‘‘आपल्याकडं चार महिने धो धो पडतो. तेव्हा माश्या खातात काय?’’

‘‘सगळं थोडंच दाखवतात?’’ म्हणून थोरल्यानं विषय संपवला. त्याच्या पुस्तकांतही पहिल्या कर्जानंतर एकदम कारखान्याचं उद्घाटनच होतं. मधली वर्षं गाळणारी अशी शिकवण मला घातक वाटते, कारण नवख्या माणसाचं भांडवल बुडतं ते त्याच वर्षांत.

थोरल्यानं कर्ज काढून वीस पेट्या घेतल्या. धाकटी महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाला गेली. तिथून ती पोचली मांघरला. २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं गाव. तिथल्या एका म्हाताऱ्या मधपाळानं तिला आपली जुनी वही दाखवली. पेटीचा नंबर, तारीख, किती साखर लागली, कुठली वसाहत पेटी सोडून गेली आणि का, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. मधाची नोंद शेवटी, एका ओळीत.

‘‘आबा, नुकसानच जास्त लिहिलंय तुम्ही.’’

‘‘पोरी, मध जांभळाच्या फुलोऱ्यात कुणालाही मिळतो,’’ आबा म्हणाले. ‘‘इथं पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. माशी बाहेर पडत नाही, पडली तरी फूल नाही. उन्हाळ्यात सगळा मध काढून घेतलास तर ती उपाशी मरती, नाहीतर पेटी सोडून जाती. तिच्यापुरता मध ठेवायचा, कमी पडला तर साखरेचा पाक द्यायचा. वसाहत अशक्त झाली की मेणकिडा शिरलाच म्हणून समज. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलती, तिच्या भरवशावर हिशेब मांडू नको.’’

धाकटीनं ती वही उतरवून घेतली. सातेरी माश्यांच्या दोनच पेट्या आणल्या, आणि पावसाळ्याच्या साखरेचे पैसे पेट्या घेण्याआधीच बाजूला काढले.

थोरल्यानं मेअखेरीस होता तेवढा मध काढला, भाव चांगला मिळाला. श्रावण सरेपर्यंत त्याच्या विसातल्या चौदा पेट्या रिकाम्या झाल्या होत्या, काहींत मेणकिड्यांची जाळी. बँकेचा हप्ता चालूच होता. धाकटीच्या दोन्ही पेट्या नांदत होत्या. गणपतीत तो तिच्यापाशी येऊन बसला आणि वही मागून घेतली. उरलेल्या सहा पेट्यांना त्याच संध्याकाळी पाक दिला.

तुम्हालाही मधपेट्या घ्यायच्या असतील तर आधी एखाद्या मधपाळाच्या घरी आषाढात जाऊन या.