झिजलेली गाणी

जुन्या रेकॉर्डी जपणाऱ्या माणसांच्या घरी एक गंमत पाहायला मिळते. कपाटातून एखादी काळीभोर, चकचकीत तबकडी निघते. ओरखडा नाही, डाग नाही. आपण हरखतो. मालक मात्र शांत असतो. "ती कुणी लावलीच नाही," तो सांगतो. मग खालच्या खणातून दुसरी काढतो. करडी पडलेली, कडेचा टवका उडालेली. सुई टेकते आणि आधी नुसती खरखर ऐकू येते. मग तिच्यामागून, पलीकडच्या खोलीतून यावा तसा, एक आवाज येतो. ही त्या घराची लाडकी.

आवडलेलं झिजतं. न आवडलेलं कोरं राहतं.

त्या तबकड्या लाखेच्या असत. बांगड्यांची असते तीच लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड कालवलेली. मिनिटाला ७८ फेरे, आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. पोलादी पिन त्या खाचेतून धावायची. पूड घालण्यामागे एक हिशेब होता. झीज पिनेची व्हावी, खाचेची नव्हे. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची, असा नियम. पण एका गाण्याला एक पिन कोण खर्चणार? वापरलेली पिन किंचित फिरवून पुन्हा बसवली जाई. मग आणखी एकदा. पिन वाचायची. गाणं थोडं थोडं जायचं.

माझ्या पाहण्यात तरी अशा झिजलेल्या तबकड्यांत भावगीतं फार. जी. एन. जोशींची 'शीळ' हे त्यातलं ठळक नाव. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची. कवी आणि गायक दोघेही विदर्भातले, दोघेही वकिलीच्या वाटेचे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कविता तबकडीवर आली आणि घराघरांत गेली. मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जण तिथूनच मोजतात. तिच्यात घडतं तरी काय? रानातून एक शीळ येते, आणि ती ऐकून एका मुलीचं चित्त जागेवर राहत नाही. बस, एवढंच. शीळ घालणाऱ्याबद्दल आपल्याला फारसं काही कळतही नाही.

एवढ्याशा गोष्टीला तोवर मोठ्या आवाजात जागा नव्हती. नाटकातलं पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागे. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात तर गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावं लागे. हळू म्हटलेलं त्यात उमटत नसे. १९२५च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला. आवाज चढवण्याची गरज संपली. आता एकानं एकालाच सांगावं, इतक्या हलक्यानं गाता येऊ लागलं. पुढे गजाननराव वाटव्यांनी पेटी पुढ्यात घेऊन हेच शेकडो माणसांसमोर केलं. मैफल मोठी, पण प्रत्येकाला वाटायचं, हे मलाच सांगणं चाललंय.

या गाण्यांचे शब्द अनेकदा बेताचेच असतात. चंद्र, नदीकाठ, सांजवात, दूर गेलेला कुणीतरी. 'शीळ'सारखी कविता विरळा. बाकीच्यांतली कितीतरी नुसती वाचली तर दुसऱ्या कडव्यापर्यंतही जाववत नाही. रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांमधून गाऊन दाखवत, तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. भाबडेपणाचा आरोप भावगीतावर पहिल्यापासून आहे. तो खोटा नाही.

तरीही ती रेकॉर्ड लागली की बोलणं थांबतं. मला वाटतं, त्याचं कारण गाणाऱ्यांच्या वागण्यात आहे. शब्द डोळ्यांत पाणी आणणारे असतात, पण गाणारा रडत नाही. तो प्रत्येक अक्षर नीट, स्वच्छ उच्चारतो. सूर लावतो, सोडतो, पुढे जातो. त्याला वेळ नसतो, हेही खरं. तीन मिनिटांत ध्रुवपद, कडवी, मधली वाद्यं, सारं बसवायचं. शिवाय गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जाई. मधलं काही खोडता येत नसे. चुकलं तर नवं मेण, पुन्हा पहिल्यापासून. त्या गाण्यांत एक सावधपणा जाणवतो तो याचाच असावा. दुःख सांगायचं आहे, पण ते सांगताना हात थरथरू द्यायचा नाही. मग उरलेलं ऐकणाऱ्याकडे येतं. गाणाऱ्यानं जे आवरलं, ते आपल्यात सुरू होतं.

जोशी पुढे ग्रामोफोन कंपनीतच ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. मोठमोठ्या गवयांची गाणी त्यांनी घेतली. एका सभ्य, हलक्या आवाजाच्या गायकानं बडे गुलाम अलींसारख्या खाँसाहेबांपुढे मायक्रोफोन मांडावा, हे मला फार आवडतं. तीन मिनिटांत किती मावतं, हे जोशींना आतून ठाऊक होतं.

माझी एक आत्या स्वयंपाक करताना असंच एक जुनं गाणं म्हणायची. कडव्यातला एक शब्द ती नेहमी दोनदा म्हणे. त्यानं चाल अडखळायची, ठेका मोडायचा. पुढे कधीतरी उलगडा झाला. तिच्या माहेरच्या रेकॉर्डवर त्या जागी ओरखडा होता. सुई तिथे एकदा मागे उडी मारायची. तिच्या भावंडांपैकी कुणीही ते गाणं म्हटलं, तरी तो शब्द दोनदाच येई. कवीनं एकदा लिहिला, गायकानं एकदा म्हटला. त्या घरानं मात्र दोनदा ऐकला, आणि त्यांच्यापुरतं गाणं तेच झालं. कारखान्यातून हजारो तबकड्या एकसारख्या निघाल्या होत्या. वीस वर्षांनी त्यातली कुठलीही दुसरीसारखी उरली नसेल.

आता त्या गाण्यांतली खरखर काढून टाकता येते. काढावीही. स्वच्छ केलेल्या आवाजात श्वास घेतलेला कळतो, सारंगीचा शेवटचा कण ऐकू येतो. ती खरखर म्हणजेच जुनेपणाची गोडी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गायकानं काही ती गायली नव्हती. पण धुऊनपुसून काढलेलं गाणं ऐकताना एक जाणवतं. इथे कुणाचाच हात लागलेला नाही. हे गाणं कितीही वेळा ऐकलं, तरी ते आपल्यामुळे बदलणार नाही. आपण त्याच्याकडून घेत राहतो. आपलं काहीच त्याच्यावर उमटत नाही.

आणखी एक फरक पडला आहे, तो मला जास्त मोठा वाटतो. विरहाचं गाणं आज फोनवर रात्रभर फिरत ठेवता येतं. संपलं की तेच पुन्हा. त्यात माणूस हवा तितका खोल जाऊन बसू शकतो. ग्रामोफोनला ते मंजूर नव्हतं. तीन मिनिटांनी गाणं संपे, सुई रिकाम्या खाचेत घरघरत राही, आणि ते सहन न होऊन कुणाला तरी उठावंच लागे. भोंग्यासमोर डोळे मिटून बसलेल्यालाच बहुधा. तबकडी उलटायची, पिन फिरवायची, चावी द्यायची. दुसऱ्या बाजूला कधी अगदीच वेगळ्या भावाचं गाणं असे. आणि तो उठलाच आहे असं पाहून आतून कुणीतरी विचारी, चहा टाकते आहे, घेणार का?